बडोद्यातल्या आमच्या राउटरवर ओएसपीएफ आणताना

ओएसपीएफ म्हणजे राउटरनी आपापसात बोलून वाटा स्वतः काढायची रीत; ती आम्ही का आणि कशी आणली ते सांगते. आमच्या कंपनीचं नेटवर्क कागदावर काढलं तर फार मोठं नाही. अलकापुरीत हेड ऑफिस, मकरपुरा जीआयडीसीत मुख्य कारखाना, हलोलला दुसरा कारखाना, पादरा रोडवर गोदाम आणि मंजुसरला एक छोटं युनिट. पण या ठिकाणांना जोडणारे सगळे रूट (कुठलं पॅकेट कुठल्या वाटेनं जायचं ते सांगणाऱ्या ओळी) हातानं लिहिलेले होते, तेही वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी. हलोलला कॅमेऱ्यांसाठी नवीन सबनेट (पत्त्यांचा वेगळा गट) काढलं की प्रत्येक राउटरवर जाऊन एकेक ओळ लिहायची. एका ठिकाणी राहून गेलं की तिकडे पॅकेट पोचतं पण उत्तर परत येत नाही, आणि फोन वाजायला लागतात. मी रुजू झाले तेव्हा अशा हातानं लिहिलेल्या, म्हणजे स्टॅटिक, रूटची यादी स्क्रीनवर मावत नव्हती, आणि त्यातले बरेच रूट कशासाठी आहेत हे सांगू शकणारं कुणी उरलं नव्हतं.

चालतंय म्हणून कुणी हात लावत नव्हतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मात्र ते उघडं पडलं. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, कितीतरी भागांत वीज गेली आणि अलकापुरी ते मकरपुरा ही आमची फायबर मध्येच कुठंतरी बंद पडली. बॅकअप नव्हता असं नाही. गच्चीवरून गच्चीवर रेडिओ लिंक होती, आणि राउटरमध्ये दुसरा स्टॅटिक रूट जास्त ‘अंतर’ (पसंतीचा आकडा, लहान तो आधी) देऊन लिहिलेला होता, म्हणजे पहिला गेला की दुसऱ्यानं यावं. तो आलाच नाही. कारण फायबर बाहेर तुटली तरी राउटरची केबल ज्या मीडिया कन्व्हर्टरमध्ये (फायबर आणि साधी केबल जोडणारा डबा) जाते तो आमच्याच रॅकमध्ये, आमच्याच यूपीएसवर चालू होता. पोर्टचा दिवा हिरवा, म्हणून राउटरच्या लेखी वाट उघडी. तो इमानेइतबारे सगळी पॅकेट मेलेल्या फायबरमध्ये ओतत राहिला. शेवटी दोन्ही टोकांच्या वॉचमनना फोनवरून ‘ती निळी केबल काढा’ असं सांगावं लागलं, तेव्हा कुठं रेडिओवरून काम सुरू झालं.

यावर एक उपाय स्टॅटिक रूट ठेवूनही आहे. आयपी एसएलए लावायचं, ते पलीकडच्या टोकाला ठरावीक वेळानं पिंग करत राहतं, आणि त्याला रूट जोडून ठेवायचा. दोन ठिकाणं असती तर मी तेच केलं असतं आणि त्यात काही कमी मानलं नसतं. इथं मात्र प्रत्येक रूटला, प्रत्येक राउटरवर ही जोडणी करायची आणि नवीन सबनेट आलं की पुन्हा सगळीकडे फिरायचं, म्हणजे मूळ दुखणं तसंच राहणार होतं. डायनॅमिक राउटिंगच, म्हणजे राउटरनी वाटा आपापसात ठरवणं, आणायचं असं ठरलं.

कुठला प्रोटोकॉल, हा निर्णय लवकर झाला. रिप हा जुना प्रोटोकॉल १९८८ मध्ये आरएफसी १०५८ म्हणून आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले, क्रमांक दिलेले दस्तऐवज). तो फक्त मध्ये किती राउटर लागतात तेवढंच मोजतो, १६ म्हणजे त्याच्या लेखी अनंत, आणि वेगाचं त्याला काही कळत नाही. तीस एमबीपीएसचा रेडिओ आणि शंभरची फायबर त्याला सारखीच. सिस्कोचा ईआयजीआरपी चांगला आहे, त्याचा तपशील २०१६ मध्ये आरएफसी ७८६८ मध्ये खुलाही झाला, पण आमचा हलोलचा राउटर दुसऱ्या कंपनीचा, त्याला तो येत नाही. राहिला ओएसपीएफ. आज वापरात असलेली त्याची दुसरी आवृत्ती १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये लिहिलेली आहे आणि ती जवळपास प्रत्येक कंपनीच्या राउटरला समजते. त्यात प्रत्येक राउटर आपल्याला जोडलेल्या लिंक आणि त्यांचे खर्च सगळ्यांना कळवतो. सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो आणि डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ सालच्या रीतीनं प्रत्येक जण स्वतःपासूनची सर्वात स्वस्त वाट स्वतः काढतो.

आमच्याकडे सर्व्हर रूम सांभाळणारे एक काका आहेत, दांडिया बाजारात राहतात, निवृत्तीला थोडाच काळ उरलाय. त्यांनी एकच शंका काढली आणि मला ती पुढं सगळ्या कामात उपयोगी पडली. म्हणाले, “अगं, आत्ता मला ठाऊक असतं कुठलं पॅकेट कुठून जातंय ते. मीच लिहिलेलं असतं. उद्या राउटर आपापसात ठरवणार, मग मला रात्री फोन आला तर मी काय सांगू?”

मी म्हटलं, “काका, ठरवायचं आपणच. फक्त रूट लिहायचे नाहीत, खर्च लिहायचे.”

बोलायला हे सोपं होतं. त्यांना कागदावर दाखवायला बसले तेव्हा लक्षात आलं की खरं काम तेच आहे, कमांड नंतर.

सिस्कोच्या राउटरवर ओएसपीएफचा खर्च १०० एमबीपीएस भागिले लिंकचा वेग असा निघतो आणि एकाच्या खाली जात नाही. त्यामुळे शंभरचं पोर्टही १ आणि गिगाबिटचं पोर्टही १. हे सगळ्या पुस्तकांत असतं, आणि त्यावरचा उपायही असतो: संदर्भाचा वेग १०,००० एमबीपीएस करा, मग गिगाबिटला १० आणि शंभरला १०० येतात. पण आमची अडचण त्याच्याही पुढची होती. राउटर बघतो तो पोर्टचा वेग, आपण विकत घेतलेला वेग त्याला माहीत नसतो. आमची फायबर १०० एमबीपीएसची, रेडिओ धड ३० देतो, पण दोन्ही गिगाबिट पोर्टांत लावलेले. म्हणजे संदर्भ काहीही ठेवला तरी राउटरला दोन्ही सारखेच दिसणार. आणि सारखा खर्च दिसला की ओएसपीएफ दोन्ही वाटा वापरतो, संवाद वाटून देतो. अर्धे लोक फायबरवर, अर्धे रेडिओवर. बिलिंगवाल्यांपैकी एकाचं काम पटापट होतंय आणि शेजारच्या टेबलावर गोल फिरतंय, अशी तक्रार आली असती आणि कारण शोधताना दिवस गेला असता.

टनेलचं उलट. अलकापुरी ते हलोल इंटरनेटवरून जीआरई टनेल (एका पॅकेटमध्ये दुसरं घालून नेणारी आभासी लिंक) आहे, आयपीसेकच्या गुप्त वेष्टणात गुंडाळलेला. टनेलचा वेग सिस्को राउटर आपणहून १०० केबीपीएस धरतो. संदर्भ १०,००० केल्यावर त्याचा खर्च एक लाख यायला हवा, पण ओएसपीएफमध्ये इंटरफेसचा खर्च ६५,५३५ च्या वर जात नाही, म्हणून तो तिथं अडकतो. आणि हलोलचा राउटर तर वेग बघून खर्च काढतच नाही, त्याचा एक ठरलेला आकडा असतो.

म्हणून आम्ही सगळे खर्च हातानं लिहायचे ठरवले. अलकापुरी–मकरपुरा फायबर १००. रेडिओ ३५०. मकरपुरा–हलोल फायबर २००. अलकापुरी–हलोल टनेल ५००. आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर बेरजेनं देता येतं. रोजच्या दिवशी अलकापुरीहून हलोलला मकरपुऱ्यावरून जायचं, १०० अधिक २०० म्हणजे ३००, टनेल ५०० म्हणून गप्प बसणार. अलकापुरी–मकरपुरा फायबर गेली तर मकरपुऱ्याची वाहतूक रेडिओवर, ३५०. पण हलोलची वाहतूक रेडिओवरून नेली तर ३५० अधिक २०० म्हणजे ५५०, आणि टनेल ५०० चा, म्हणजे हलोल टनेलवरून जाईल आणि रेडिओवरचा भार वाढणार नाही. आम्हाला नेमकं हेच हवं होतं. टनेलला ५०० ऐवजी ६०० लिहिलं असतं तर सगळं त्या तीस एमबीपीएसच्या रेडिओवर येऊन पडलं असतं. काकांनी कॅल्क्युलेटर न घेता हे सगळे प्रसंग स्वतः करून बघितले. मग कागद मागून घेतला आणि रॅकच्या दारावर आतून चिकटवला.

खर्च बाहेर जाणाऱ्या बाजूचा धरला जातो, म्हणून दोन्ही टोकांना तोच आकडा लिहिला. नाहीतर जाताना एक वाट आणि येताना दुसरी, आणि मध्ये फायरवॉल असेल तर तो अर्धवट दिसलेलं कनेक्शन तोडून टाकतो.

हे सगळं आधी माझ्या लॅपटॉपवर जीएनएस३ (नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) मध्ये उभं केलं, आणि चाललं म्हणून न थांबता मुद्दाम मोडून बघितलं. त्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इथरनेटवर ओएसपीएफ आपणहून ब्रॉडकास्ट प्रकार धरतो आणि डीआर-बीडीआरची, म्हणजे मुख्य आणि राखीव राउटरची, निवडणूक घेतो. दोनच राउटर असलेल्या लिंकवर त्याची काही गरज नाही, उलट सुरुवातीला ४० सेकंदांची थांबणूक होते. तिथं पॉइंट-टू-पॉइंट लिहावं. पण ते एकाच टोकाला लिहिलं तर? दोन्ही प्रकारांत हॅलो (‘मी आहे’ असं सांगणारं पॅकेट) १० सेकंदांचा आणि डेड (एवढा वेळ हॅलो आला नाही तर शेजारी गेला असं धरायचं) ४० चाच असतो, त्यामुळे नेबर, म्हणजे शेजारचे राउटर, व्यवस्थित दिसतात, स्थिती थेट फुल (पूर्ण जुळलेली), आणि तरीही रूट येत नाहीत. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ बघून माणूस निर्धास्त होतो आणि राउटिंग टेबल कोरं. लॅबमध्ये हे डोळ्यांनी बघितलेलं असलं की प्रत्यक्षात घाबरायला होत नाही. नेबर फुल झाला म्हणजे काम झालं असं मी तेव्हापासून मानत नाही. टेबलात ‘ओ’ अक्षरानं सुरू होणारी ओळ दिसली पाहिजे.

एरिया, म्हणजे एकच नकाशा वाटून घेणारा राउटरचा गट, एकच ठेवला, शून्य. एवढ्या राउटरना वेगवेगळे एरिया पाडणं म्हणजे उगाच काम वाढवणं. राउटर आयडी आपोआप निवडू द्यायचा नाही, लूपबॅक (राउटरमधलं आभासी पोर्ट) काढून हातानं द्यायचा, म्हणजे लॉगमधला आकडा बघताक्षणी कुठलं गाव ते कळतं. सगळे इंटरफेस आधी पॅसिव्ह, म्हणजे हॅलो न पाठवणारे, करून फक्त राउटर-राउटरमधल्या लिंक मोकळ्या केल्या. ऑफिसच्या लॅनवर हॅलो पाठवत राहिलं तर कुणीही लॅपटॉपवर एक मोफत सॉफ्टवेअर टाकून आमचा नेबर होऊ शकतो आणि वाटेल ते रूट सांगू शकतो. लिंकवर किल्लीही (पासवर्डसारखी) लावली. ज्यांच्याकडे हे दोन्ही नाही त्यांनी आजच बघावं असं मला मनापासून वाटतं.

चालू नेटवर्कवर हे उतरवायचं कसं, याची सगळ्यांना धास्ती असते. इथं अंतराचा नियम मदतीला येतो. एकाच नेटवर्ककडे स्टॅटिकनंही वाट सांगितली आणि ओएसपीएफनंही, तर सिस्कोचा राउटर स्टॅटिकचं ऐकतो, कारण स्टॅटिकचं अंतर १ आणि ओएसपीएफचं ११०. म्हणजे कामाच्या दिवशीही ओएसपीएफ चालू करता येतो. तो खाली नेबर जोडतो, नकाशा तयार करतो, वाहतुकीला धक्का लागत नाही. आम्ही असाच तो चालू ठेवून डेटाबेस रोज बघत राहिलो. मग एका रविवारी, कारखाने बंद असताना, स्टॅटिक रूटचं अंतर २५० करत गेलो. नेहमी दूरच्या टोकापासून सुरुवात, हेड ऑफिसचा राउटर सर्वात शेवटी, म्हणजे आपण बसलोय ती फांदी आधी तुटत नाही. प्रत्येक सिस्को राउटरवर आधी ‘रीलोड इन १५’ द्यायचं आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं नाही. संपर्क तुटला तर पंधरा मिनिटांत राउटर स्वतः बंद होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर उठतो. सगळं ठीक दिसलं की रीलोड रद्द करायचं, मग सेव्ह. हलोलच्या राउटरवर सेफ मोड आहे, तो तेच काम करतो.

मंजुसर आणि पादरा सुरळीत झाले. हलोलशी जोडणी मात्र सुरुवातीपासूनच होत नव्हती. तिथल्या मेंटेनन्सच्या भाईंचा फोन आला, “बेन, नेबर देखाय छे, पण फुल थतो नथी.” मी इकडे बघितलं तर एका टोकाला एक्सस्टार्ट, दुसऱ्या टोकाला एक्सचेंज (फुलच्या आधीच्या पायऱ्या), थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून. या दोन स्थितींत अडकलं की आधी एमटीयू, म्हणजे पोर्टवरून जाऊ शकणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटचा आकार, बघावा. ओएसपीएफचे राउटर डेटाबेसची यादी एकमेकांना देताना त्यात आपला एमटीयू लिहितात, आणि समोरच्याचा आपल्यापेक्षा मोठा असेल तर ती यादी घेतच नाहीत. हॅलोमध्ये एमटीयू नसतो, म्हणून तिथपर्यंत सगळं छान चालतं. हलोलच्या पोर्टवर कधीकाळी कुठल्या तरी व्हीपीएनसाठी कुणीतरी १४०० लिहून ठेवलं होतं, आमच्याकडे १५००.

‘एमटीयू इग्नोर’ नावाची एक ओळ टाकली की तपासणी बंद होते आणि नेबर लगेच फुल होतो. पुष्कळ जण तेच करतात. मला ते पटत नाही. तपासणी बंद केली तरी पोर्टची मर्यादा तिथंच असते. आज नकाशा लहान आहे, उद्या मोठं पॅकेट आलं की ते गळेल आणि तेव्हा कारण सापडणार नाही. आम्ही भाईंना लिंकवरून तुकडे न करण्याच्या अटीवर १५०० बाइटचा पिंग पाठवायला लावायचं ठरवलं, त्यासाठी आधी पोर्टवरचं १४०० काढलं. पिंग गेला, उत्तर आलं. त्याच मिनिटाला नेबर फुल झाला. टनेलवर मात्र १४०० च ठेवला, दोन्ही टोकांना सारखा, कारण तिथं जीआरई आणि आयपीसेकचं वेष्टणही बाहेरच्या १५०० मध्येच बसवायचं असतं.

रविवारी अंतर बदलल्यावर पादऱ्याचं एक हजेरीचं मशीनच तेवढं जुन्या वाटेनं जात राहिलं. बाकी गोदाम नव्या वाटेनं. शोधल्यावर त्या एकट्या मशीनच्या पत्त्यासाठी /३२ चा स्टॅटिक रूट सापडला. त्याचंही अंतर २५० केलेलं होतं, पण अंतराची तुलना एकाच नेटवर्कच्या दोन वाटांमध्ये होते. ओएसपीएफनं पूर्ण /२४, म्हणजे पत्त्यांचा सगळा गट, सांगितलेला, हा एका पत्त्याचा, आणि जास्त नेमका रूट नेहमीच जिंकतो. काकांना आठवलं, जुनं मशीन बदललं तेव्हा कुणीतरी घाईत ही सोय केली होती. ती ओळ काढली.

सगळेच स्टॅटिक काढायचे नसतात, हेही सांगते. टनेलच्या पलीकडच्या टोकाचा पब्लिक पत्ता सर्व्हिस प्रोव्हायडरच्या गेटवेकडे हातानं लिहून ठेवलेला असावा. तो पत्ता कधी टनेलमधूनच शिकला गेला, तर टनेलचं पॅकेट टनेलमध्येच शिरायला बघतं आणि राउटर टनेल बंद करून टाकतो. थोड्या वेळानं पुन्हा चालू, पुन्हा बंद.

शेवटची चाचणी पुरासारखीच घ्यायची, हा काकांचा आग्रह होता आणि तो बरोबर होता. राउटरची केबल काढून बघण्यात काही अर्थ नव्हता, पोर्ट पडलं की स्टॅटिकसुद्धा वाट बदलतो. कन्व्हर्टरच्या पलीकडची, बाहेरून येणारी फायबर काढायची, म्हणजे पोर्टचा दिवा हिरवाच राहील. नुसत्या ओएसपीएफला हे कळायला डेडचे ४० सेकंद लागतात. म्हणून या लिंकवर आम्ही बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते झटपट तपासणारा प्रोटोकॉल) लावला होता, ३०० मिलिसेकंदांना एक पॅकेट, तीन चुकली की लिंक मेली असं समजायचं. रेडिओवर तो मुद्दाम लावला नाही. जोराच्या पावसात रेडिओ क्षणभर डगमगतो आणि सावरतो, तिथं एवढी घाई केली तर नेबर दिवसभर पडत-उठत राहील.

काकांनी स्वतः फायबर काढली. मकरपुऱ्याकडचा पिंग एकदा चुकला आणि पुढचा रेडिओवरून आला. दिवा हिरवा. लॉगमध्ये ओळ: फुल टू डाउन, बीएफडी नोड डाउन. हलोलचा ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या वाटेनं गेलं ते दाखवणारी चाचणी) टनेलवरून, कागदावर लिहिलं होतं तसाच. काका म्हणाले, “पुन्हा लाव बघू,” आणि परत लावल्यावर सगळं फायबरवर आलेलं बघूनच ते खुर्चीत बसले.

त्यानंतर काही महिन्यांनी ड्रेनेजच्या खोदकामात जेसीबीनं फायबर खरंच तोडली, भर दुपारी. कुणी ‘नेट बंद’ म्हणून फोन केला नाही. मकरपुऱ्याहून एक फोन आला तो ‘हळू चालतंय’ म्हणून. बघितलं तर तीस एमबीपीएसच्या रेडिओवर मकरपुऱ्याच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही हेड ऑफिसकडे येत होतं आणि त्यानंच लिंक भरली होती. राउटिंगनं आपलं काम केलं होतं. आता रेडिओच्या इंटरफेसवर बिलिंगला आधी जागा आणि कॅमेऱ्यांना ठरावीक मर्यादा, असा क्यूओएस लावणं चालू आहे, आणि रॅकच्या दारावरच्या कागदावर काकांनी प्रत्येक खर्चाशेजारी त्या लिंकचा खरा वेगही लिहून ठेवलाय.